डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी एक कलम

मी, सौ. सुमन माधव रानवडे, वय ५२, चौथी पास, राहणार नॉटिंगहॅम, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दाबाखाली नव्हे, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहिते. शुक्रवारी माझं पोटाचं ऑपरेशन आहे. या आधीचं एकही मृत्युपत्र नाही.

१. माझं शिलाई मशीन शेजारच्या अलकाला. म्हणून साक्षीदारांत तिची सही घेतलेली नाही. तेल घालत जा गं बाई.

२. बांगड्या पुतणी शिल्पाला. नणंद रश्मीला एकही नको. आमच्या सुनीतीच्या सुतकात ती म्हणाली, "घरात डॉक्टर असून असं व्हावं, नशीब!" नशीब कसलं? घरात डॉक्टर म्हणूनच झालं. आमच्यात कोणी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जातच नसे. काहीही दुखलं तरी ह्यांना विचारायचं. हे डोळ्यांचे डॉक्टर.

३. माझी मुलगी सुनीती युनिव्हर्सिटीत जुन्या ग्रीकांची फिलॉसॉफी शिकायची. तिची पुस्तकं ह्यांना. मी पोळ्या लाटताना ती सांगायची, "आई, सॉक्रेटिस शहाणा माणूस शोधत सगळ्यांकडे गेला. कारागीर लोक आपल्या कामात खरंच हुशार होते. पण म्हणून त्यांना वाटायचं की सगळंच कळतं. तो एकटा शहाणा, कारण आपल्याला माहीत नाही हे त्याला माहीत होतं."
मी म्हटलं, "म्हणजे तुझे बाबा त्या कारागिरांतले."
पोरगी हसून हसून खाली बसली. हे पेपरातून म्हणाले, "असल्या शिक्षणाने पोट भरतं का?"
पुढच्या महिन्यात तिचं पोट दुखायला लागलं. हे म्हणाले, "गॅस आहे." ती म्हणाली, "बाबा, कोणाला तरी विचारू या ना." मीही म्हटलं. तर, "डॉक्टर मी आहे की तुम्ही?" अपेंडिक्स फुटलं होतं. एकोणीस वर्षांची होती.
माझ्या सर्जनला मी विचारलं, गाठ कसली आहे? तो म्हणाला, "माहीत नाही, उघडल्यावर कळेल." या देशात इतका भरवसा मला कोणावर वाटला नव्हता.

४. घरातला माझा अर्धा हिस्सा माझे पती डॉ. माधव यांना. मला अट घालायची होती. वकील म्हणाले, असली अट टिकत नाही. मग विनंती लिहिते.
अहो, सहा वर्षं तुम्ही तिच्या खोलीत पाय ठेवलेला नाही. एकदा जा, आणि "मला कळलं नव्हतं" एवढं मोठ्याने म्हणा. मी दोष देत बसणार नाही, तेवढं त्राण राहिलं नाही. तुम्हीही रडता, हे मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. पण एकटे रडता, मीही एकटीच.

हा कागद पाकिटात बंद करणार नाही. तुमच्या चहाच्या कपाशेजारी ठेवते आहे. शुक्रवारला अजून वेळ आहे. मी वर तिच्या पलंगावर बसले आहे.

सही: सुमन माधव रानवडे
समक्ष सह्या: हरीश पेंडसे, विनय कर्वे
नॉटिंगहॅम, १२ मार्च १९९१