दाजींची फटफटी, माझी सही

१२ जून, हैदराबाद

तरी आक्काला म्हणलो होतो, तुझ्या नवऱ्याची फटफटी माझ्या नावावर नको. पण धोंड्याच्या जेवणात दाजी रुसून ताटावरून उठले, मग काय, केली सही. हप्ते त्यांनी थकवले अन् आज बँकेचा साहेब मला म्हणतो, "आधी ती फटफटी फेडा, मग व्हॅनच्या कर्जाचं बोलू." व्हॅन मिळाली की लातुरात क्लासची पोरं ने-आण करून गावाकडंच राहणार होतो. दाजींना फोन केला तर म्हणाले, "पाव्हणं, बँकेत नाव जपावं लागतंय!" जावयाला उलट बोलावं कसं? वर फटफटीत पेट्रोल न्हाई म्हणे. उद्या मीच पैसे पाठवतो. हप्त्यांचे सहा हजार, पेट्रोलचे दोनशे.