तारेने आवळलेली झडप

कल्याण, ५ नोव्हेंबर १९५५

आलो एकदाचा! वर्षभर सरकारी दवाखान्यात बैलांचे खूर आणि म्हशींची आचळं बघून कंटाळलेलो. आता खास कुत्र्यांचा दवाखाना. पारनाक्याजवळ भाऊ खांबेट्यांचं दुमजली घर आहे. खाली दवाखाना, त्याच्या मागची खोली मला, आणि वर भाऊ आणि मंदाकिनीकाकू. भाऊ लष्करात घोड्यांचे डॉक्टर होते. आवाज अजून परेडवरचाच. काकूंचं सोवळं कडक. आल्या आल्या फक्कड पोहे दिले, पण ताटली जिन्याच्या पायरीवर ठेवून, कारण मी कुत्र्यांना शिवतो. मला हसूच आलं. पोहे आणखी मागून घेतले.

मदतीला दगडू आहे. पन्नाशीचा, रत्नागिरीकडचा. कुत्र्याला असा कवेत घेतो की ते गुरगुरायचं विसरतं. गिऱ्हाईक म्हणजे आंबिवलीच्या कारखान्यातले साहेब आणि ठाण्याचे वकील.

आणि भुलीचं यंत्र! भाऊंनी कॅम्पच्या लिलावात उचललेलं, लढाईच्या वेळचं. पितळ नुसतं लखलखतंय. दुपारभर मी पोरासारखा त्याच्याशी खेळत होतो. आईला पत्र टाकलं की तुझ्या मधूचं नशीब उघडलं.

९ नोव्हेंबर

आज यंत्र नीट तपासलं आणि डोक्यात तिडीक गेली.

यंत्र तसं साधं. टाकीतून ऑक्सिजन निघतो, ईथरच्या बाटलीवरून जातो आणि काळ्या रबरी पिशवीत भरतो. कुत्र्याच्या घशात नळी असते. कुत्रं पिशवीतून श्वास घेतं आणि पिशवीतच सोडतं. टाकीतून हवा येतच राहते, म्हणून जास्तीची बाहेर जायला नळीवर एक छोटी झडप असते. ती उघडी हवी, एवढंच सांभाळायचं. ती बंद राहिली तर पिशवी फुगते, मग कुत्र्याची छाती फुगते, श्वास आत जातो पण बाहेर पडत नाही, आणि काळीज दाबून बंद पडतं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे कळतं.

ती झडप भाऊंनी पक्कडीने आवळलीय आणि वरून तार गुंडाळलीय!

विचारलं तर म्हणाले, ईथरचा वास वर देवघरात जातो, काकूंचा नैवेद्य बाटतो. मध्ये मध्ये नळी सोडवून पिशवी रिकामी करायची, सोपं आहे. मी म्हटलं, झडपेला लांब नळी लावून मागच्या अंगणात सोडू या. तर म्हणे अंगणात तुळस आहे. तुळस! काय बोलावं या माणसाशी? जनावर मेलं तरी चालेल, पण तुळशीला ईथर लागता कामा नये.

१६ नोव्हेंबर

जॅकी गेला. कारखान्याच्या साहेबाचा तांबडा, लांब केसांचा कुत्रा. कानातली गाठ काढायची होती, किरकोळ काम. पिशवीवर माझं लक्ष होतं, नळी सोडवत होतो. तेवढ्यात काकूंनी जिन्यातून हाक मारली आणि भाऊ रक्तवाहिनीवरचा चिमटा माझ्या हातात कोंबून वर गेले. देवघरातली समई हलवायची होती! चिमटा सोडला तर रक्त, धरला तर पिशवी. दगडूने दोन्ही हातांनी जॅकीचं डोकं धरलेलं. मी ओरडलो, नळी सोडव. तो धडपडला, उशीर झाला. जॅकीची छाती फुगली ती फुगलेलीच राहिली.

भाऊंनी साहेबाला सांगितलं की कुत्र्याचं काळीज मुळात कमजोर होतं. मी तिथल्या तिथे बोललो की काळीज चांगलं होतं, झडप बंद होती. भाऊंनी मला हाताला धरून बाहेर काढलं. साहेब जॅकीचा पट्टा घेऊन गेला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. संताप, संताप नुसता! रात्री जेवलो नाही.

दगडू म्हणाला की याआधीही कुत्री अशीच गेलीत. सगळी श्वास आत घेऊन गेली, सोडला एकानेही नाही.

१८ नोव्हेंबर

दुपारी भाऊ वर वामकुक्षीला गेलेले. मी हत्यारं पुसत होतो. पिशवी फुगायला लागली. टाकी गळत असणार म्हणून चावी पिळली. फुगतच होती. टाकीची नळीच काढून टाकली. तरी फुगली, टम्म झाली आणि तशीच राहिली. आत घेतलेला श्वास कुणी धरून ठेवावा तशी.

हात लावला तर कोमट. ईथरचा वास नव्हता. कुत्र्याच्या तोंडाला येतो तो वास होता.

मी घाबरलो. लिहून टाकतो, लाज कसली.

२१ नोव्हेंबर

छाती भरल्यासारखी वाटते. श्वास आत जातो छान, बाहेर अर्धाच येतो. दगडूला सांगितलं तर त्याने यंत्राकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, डाक्टर, म्हणून मी त्या बाजूला उभा ऱ्हात नाय.

आज डोंबिवलीहून सुमतीबाई आल्या, शाळेत शिकवतात. एकट्याच राहतात, सोबतीला चंपी. चंपाषष्ठीला दारात सापडली म्हणून चंपी. पांढरी, एक कान काळा. स्तनाला मोठी गाठ आलीय, फुटायच्या बेतात. तपासताना चंपीने माझा हात चाटला. बाई म्हणाल्या, घरात हाक मारायला हीच आहे हो. मी म्हटलं, बाई, चंपी स्वतःच्या पायांनी घरी येईल, माझा शब्द. दिला शब्द! आणि झडप तशीच आवळलेली.

बाईंना बाजूला घेऊन परळच्या जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात जा म्हणून सांगितलंय.

२४ नोव्हेंबर

गाठ फुटली. बाई चंपीला कापडात गुंडाळून टांग्यातून घेऊन आल्या. घट्ट बांधल्यावर रक्त मंदावलं, पण परळपर्यंत टिकणार नाही. ऑपरेशन उद्या सकाळी, उजेडात.

भाऊंना सरळ सांगितलं, झडप उघडा, नाहीतर मी भूल देणार नाही. म्हणाले, नको देऊस, मी आणि दगडू करू. म्हणजे चंपी मेलीच! जिन्यातून काकू म्हणाल्या, कुत्रीपायी माझे देव बाटवायचे का? मी खालून ओरडलो की तुमच्या देवांना मेलेल्या कुत्र्यांचा वास चालतो का? भाऊंनी हात उगारला. मारला नाही. मारायला हवा होता, मीही दिला असता एक.

ओरडलो त्यात छाती जाम झाली. भिंतीला धरून उभा राहिलो. तेव्हा आतल्या खोलीत पिशवी करकरली — ताणलेलं रबर करकरतं तशी. यंत्राला कुणीच जोडलेलं नव्हतं.

भूल मीच देणार. तार तोडणार. मग काय व्हायचं ते होवो.

२५ नोव्हेंबर, सकाळी

पिशवी ढोलासारखी. आतून काहीतरी ढकलतंय — नाकासारखं, ओलं — रबरातून उमटतंय आणि जातंय. एक नाही. खूप.

दगडू आत यायला तयार नव्हता. चंपीला उचलून दिल्यावर आला. शहाणा माणूस आहे.

पक्कड माझ्या खिशात.

त्याच दिवशी

चंपी जिवंत आहे! लिहितो — जमेल तेवढं.

तिला जोडायच्या आधी तार तोडली, झडप उघडली. श्वास सुटला. लांब. जॅकीचा — त्याच्या तोंडाचा तो वास मी ओळखला. मग दुसरा. मग कुठल्यातरी पिल्लाचा, बारीक. सुटतच होते. खोलीत कण्हणं भरलं. पिशवी रिकामी पडली, मग चंपीला जोडली. भाऊ पांढरेफटक, पण चाकू चालवला. गाठ निघाली. चंपीने डोळे उघडले, शेपटी हलवली. बाई रडल्या. दगडूने दोघींना टांग्यात बसवलं, पोचवायला तोही निघाला. गेल्या.

माझी छाती मोकळी झाली. किती बरं वाटलं.

पण थांबत नाही — श्वास बाहेरच जातो. आत घेतो म्हणतो, येत नाही.

नंतर

यंत्रापाशी जमिनीवर बसलोय. उठवत नाही.

पिशवी पुन्हा फुगतेय. कुणी जोडलेलं नाही. माझी छाती बसते — ती फुगते. छाती उठते — ती बसते. मी तिच्यातून श्वास घेतोय. झडप उघडी आहे म्हणून चाललंय. तोवरच.

वरून काकू — वास येतो म्हणतायत. देवघरात. भाऊंना हाका —

जिन्यावर पावलं.

भाऊ आले. हातात तार. माझ्या खिशातली पक्कड काढून घेतली. दमलास, पडून राहा म्हणतात. माझ्याकडे बघतच नाहीत. अरे बघा ना! पिशवीकडे बघा! मूर्ख माणसा —

ओरडायला श्वास हवा. माझा तर तिकडे आहे.

झडप आवळतायत. पिशवी फुगली. माझी छाती — बाहेर जात नाही —

दगडू कुठे — टांग्याबरोबर —

वही त्यांच्यापुढे धरलीय. वाचा. भाऊ, वाचा. तारेचा अजून एक फेरा देऊ नका, आत मी आ