बेलचं बटण आणि विहारातला फोटो

२६ सप्टेंबर
दहापैकी दहा हलले! दुकानाचं शटर अर्धं ओढलं, समोरच्या कपाटाचे फोटो काढून पाहिले. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवलेला. हलतं ते माझं बोट. बटण दाबायला गेलो की सगळा कॅमेराच थरथरतो.

उजवा हात. दीड वर्ष झालं. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, कमी होईल, जाणार नाही. घरात फक्त बायकोला, दीपमालाला माहीत. गावात कोणाला नाही, अन् कळायलाही नको. फोटोवाल्याचा हात हलतो म्हटल्यावर त्याच्यापुढं कोण बसेल?

चौदा ऑक्टोबरला अठरा दिवस उरले.

२७ सप्टेंबर
विहारात गेलो होतो. शहाऐंशी सालापासून दर चौदा ऑक्टोबरला, वंदना झाली की सगळ्यांचा एकत्र फोटो मीच काढतो. अडतीस फोटो ओळीनं टांगलेत. एकोणचाळिसावा खिळा रिकामा. मागच्या साली सांगितलं की कार्ड खराब झालं. साफ खोटं! फोटो कॉम्प्युटरमध्ये तसाच पडून आहे. ऐंशी माणसं, अन् एकाचंही तोंड धड नाही. आत उजेड कमी, अन् फ्लॅश मारला तर तसबिरींच्या काचा चमकतात. शटर हळू ठेवावं लागतं. तेवढ्यात माझ्या बोटानं घात केला.

समितीचा सचिव अनुप म्हणे, "काका, यंदा मी मोबाईलवर काढतो. तुमी कायले तरास घेता?"
"मले जमनार नाई त्या दिवशी मीच सांगीन तुले," म्हटलं. हात खिशात होता.

२८ सप्टेंबर
टायमर लावून पाहा, दीपमाला म्हणते. दहा सेकंदात कोणी डोळे मिटते, कोणाचं लेकरू उठून पळते. अन् क्षण कॅमेऱ्यानंच निवडायचा तर मी तिथं कायले?

रोलच्या कॅमेऱ्याला केबल होती. टोक दाबलं की फोटो, कॅमेऱ्याला हात लावायचं काम नाही. या कॅमेऱ्यालाही कडेला, रबराच्या झाकणाखाली, एक बारीक भोक आहे. तयार वायर मिळते म्हणतात. पण मागवायची तर अनुपच्या मोबाईलवरून, अन् त्यानं विचारलं, "कायले पायजे?" तर? नाही. स्वतः करीन!

३० सप्टेंबर
एसटीनं अकोल्याला. इअरफोनची पिन जाड, त्या भोकात जात नाही. चार दुकानं फिरलो. पाचवा म्हणे, "काका, इतकी बारीक पिन आता कोन मांगते?" तरी डबा उपडा केला. सापडली! येताना रस्ताभर खिसा चाचपत होतो.

३ ऑक्टोबर
पिनला तार जोडायची म्हणून दुपारभर डाग देऊन राहिलो, डाग बसतच नाही. जुन्या इअरफोनची तार, केसासारखी. शिशाचा थेंब नुसता घरंगळतो. त्यात हात असा. दोनदा बोट भाजलं. चिडून सगळं फेकलं.

दीपमालानं एकेक वेचून आणलं. म्हणे, "तारीवर लाख असते. माया भाऊ जळलेल्या मोटारीत नवी तार भरते, तो आधी तार जायते अन् खरडते. मंगच डाग बसते. तुमाले कोनी विचारायले मना केलं होतं का?"

काडीनं जाळलं, ब्लेडनं खरडलं. तिनं तार धरली, मी मनगट टेबलाला टेकवलं. बसला डाग! चाळीस वर्षं विजेच्या सामानात हात घालतो अन् शहाणपण मेहुण्याकडून! असो.

५ ऑक्टोबर
पलंगाजवळ लटकतं ते दिव्याचं बटण लावलं. दाबलं— खटाखट, खटाखट! कॅमेरा थांबेचना. ते बटण एकदा दाबलं की दाबलेलंच राहतं, हे डोक्यात आलं नाही. कपाटाचे साठ फोटो निघाले. दीपमाला हसून हसून खाली बसली.

दाराची बेल काढली, तिच्या लांब वायरीसकट. तिचं बटण सोडलं की परत वर येतं. आता घरी येणाऱ्यानं हाक मारावी.

६ ऑक्टोबर
दहापैकी दहा. एकही हलला नाही!!

९ ऑक्टोबर
"संघपाल! अरे बेल काऊन वाजत नाई तुयी?" चतुराबाई. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेला गेली होती, पाच वर्षांची. तो दिवस पाहिलेलं गावात आता तिच्याशिवाय कोणी नाही.

चहा घेतला. जाताना म्हणे, "यंदा तरी मायं तोंड येईन ना रे भिंतीवर? पुढच्या सालाचं मी सांगत नाई."
"येईन, मावशी." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१४ ऑक्टोबर
वंदना झाली. ट्रायपॉड लावला, वायर सोडली, पाच मीटर.

"काका, हे तं बेलचं बटन हाय!" अनुप. सगळं विहार हसलं. मागून कोणी म्हणे, "दाबा, दार कोन उघडते पाहू!" हसा लेकहो.

चतुराबाई हसली नाही. म्हणे, "इतकी लांब वायर हाय तं तू तिकडं काऊन उभा? ये, इकडं बस."
अडतीस फोटोंत मी एकातही नाही. कधी डोक्यातच आलं नाही. जाऊन तिच्याशेजारी बसलो. बटण मांडीवर. मागं वळून पाहिलं, शेवटच्या रांगेतल्या एका लेकराची मान समोर वळेपर्यंत थांबलो.
"हलू नका!"
दाबलं.

१५ ऑक्टोबर
मोठा करून पाहिला. ब्याऐंशी माणसं. चतुराबाईच्या सुरकुत्या मोजून घ्याव्या इतक्या स्पष्ट. काय सांगू, डोळ्यात पाणीच आलं.

मग दिसलं. एकच गोष्ट हललेली आहे. मांडीवरचा माझा उजवा हात.

दीपमालाला दाखवला. म्हणे, "खालून थोडा कापला तं कोनाले कळनार नाई." खरं आहे. फोटो खालून बोटभर कापला की काम झालं.

१६ ऑक्टोबर
दोन फोटो छापले. यंदाचा, न कापता. अन् रिकाम्या खिळ्यावर मागच्या सालचा, हललेला. टांगताना हात खिशात घातला नाही. अनुपनं पाहिलं, शिडी धरली.
चतुराबाई हललेल्या फोटोसमोर थांबली. ऐंशी धुरकट तोंडांतून एकावर बोट ठेवलं— "हे पाह्य, हे मी."