पिशवी नेली, पिशवी राहिली

अमरावती,
गुरुवार, दुपार

तीर्थरूप पंचफुलाताई यांना भावजय शकुनचा सप्रेम जयभीम.

तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढू नका असं मागच्या पत्रात लिहिलं होतं, आणि ते वाचून तुम्ही मुद्दाम दोनदा चढला असणार. मी ठीक आहे. आधी ‘उत्तम’ लिहिलं होतं, ते खोडलं. (फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला एक वाक्य पूर्ण करू देत नाही. तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, दुसऱ्याचं मधेच तोडणारे लोक मला आवाजावरून कळतात.)

माझं ऑपरेशन मंगळवारी व्हायचं होतं, ते झालेलं नाही. आता येत्या सोमवारी आहे. टाळता येण्यासारखं नाही, कारण पाळी जाऊन दहा वर्षं झाल्यावर रक्त जायला लागलं आणि तपासणीचा कागद बघून डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवी काढायलाच सांगितली, तीही महिन्याच्या आत. माझी दुसरी अडचण तुम्हाला ठाऊक आहे. तेराव्या वर्षापासून माझं शरीर इन्सुलिनचा थेंबही तयार करत नाही. गल्लीतल्या दर दुसऱ्या घरात असते ती शुगर वेगळी. त्या लोकांची गोळी एक दिवस चुकली तर चहाची चव बदलते. माझं इन्सुलिन एक दिवस बंद झालं तर रक्तात आम्ल साठून मी मरते. अन्न पोटात असो वा नसो, थोडं घ्यावंच लागतं. कॉन्व्हेंट शाळेत असताना मदर सुपीरियरला हे पटवायला मला एक वर्ष लागलं होतं, आणि ती निदान ऐकून घेत असे.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण सोमवारी मला तिथेच जायचं आहे. दाखल होताना त्यांनी एक छापील कागद दिला: मधुमेही रुग्णांनी ऑपरेशनच्या दिवशी उपाशी राहावे, गोळ्या व इन्सुलिन घेऊ नये. मी लाल पेनानं ‘इन्सुलिन’ या शब्दाभोवती गोल केला, बाजूला ‘टाइप वन, बंद करायचं नाही, सकाळचं कमी करून घ्यायचं’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, आणि माझ्या शुगरच्या डॉक्टरांची चिठ्ठी त्याला टाचली. वॉर्डातल्या वर्षाली सिस्टरनं कागद घेतला, माझं अक्षर किती सुंदर आहे म्हणाली आणि फाइलच्या सर्वांत खाली ठेवला.

सोबतीला शेजारच्या दुर्गाबाई होत्या. (बाई सोन्यासारखी आहे, हे आधी सांगते, कारण पुढे तसं वाटणार नाही.) माझं सगळं एका निळ्या पिशवीत होतं: इन्सुलिनची दोन्ही पेनं, शुगर मोजायचं यंत्र, ग्लुकोजच्या गोळ्या. मंगळवारी सकाळी सात वाजता मी आंघोळीला गेले. आल्यावर सुई घ्यायची होती. तेवढ्यात वर्षाली सिस्टर येऊन दुर्गाबाईंना म्हणाली, बांगड्या, घड्याळ, पिशवी, सगळं घरी पाठवा. खाली दुर्गाबाईंचे यजमान नत्थुजी मोटरसायकल घेऊन उभेच होते. त्यांनी पिशवी हँडलला अडकवली आणि घरी न जाता थेट नांदगाव खंडेश्वरला शेतावर गेले, कारण त्या दिवशी फवारणी होती. फवारताना फोन ते झाडाखाली ठेवतात. शिस्तीचा माणूस आहे.

मी हिरवा झगा घालून बाहेर आले आणि विचारलं, माझी पिशवी कुठे आहे. पुढचं मी शब्दशः लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी रचते आहे.

“अवो बाई, जागेवरच हाय,” दुर्गाबाई म्हणाल्या. “अजून काढाची हाय. काहून घाबरून राहिल्या?”

मी म्हटलं, मला ती आत्ता हवी आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि डोळ्याला पदर लावला. “आता या वयात काय कराची हाय तिले? गेली त जाऊ द्या.”

ताई, मला राग आवरेना आणि वेळही जात होता. मी वर्षाली सिस्टरला हाक मारून सांगितलं की पिशवी आणल्याशिवाय मी ऑपरेशनला जाणार नाही. ती पोरगी इतक्या मायेनं हसली की मला धडकी भरली. “काकू, पिशवी डॉक्टर काढतील ना. नंतर पाहिजे तर दाखवतो तुमाले.” मग तिनं फाइलीत काहीतरी लिहिलं. मला उलटं वाचता येतं. (सुपरवायझरला यावंच लागतं.) ‘रुग्ण घाबरलेली, असंबद्ध बोलते.’

यानंतर मी जे जे नीट बोलले ते सगळं असंबद्धमध्ये जमा झालं. इन्सुलिन म्हटलं की सिस्टर छापील कागदाकडे बोट दाखवायची. आठचं ऑपरेशन एका अडलेल्या बाळंतिणीमुळे पुढे गेलं. तिच्याबद्दल तक्रार नाही. पण दहा वाजता माझी शुगर दोनशे शहाऐंशी होती, आणि सिस्टरच्या मते ती टेन्शननं वाढली होती. साडेअकराला साडेतीनशे. जीभ टाळूला चिकटत होती, पोटात मळमळत होतं, श्वास आपोआप खोल जायला लागला होता. हा श्वास मी ओळखते. मी दुर्गाबाईंना म्हटलं, पिशवी म्हणजे निळी पिशवी, कापडाची, हातात धरायचे बंद असलेली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग खाली बसल्या. “अगं माय,” एवढंच म्हणाल्या. नत्थुजींना त्यांनी एकवीस फोन केले. इतक्या वेळा कोणी मला कधी फोन केलेला नाही.

बारा वाजता भूल देणाऱ्या डॉक्टर रागिणी आल्या. वय असेल तिशीचं. त्यांनी फाइल उलटून सर्वांत खालचा कागद आधी वाचला आणि एकच प्रश्न विचारला: टाइप वन की टाइप टू? ताई, मला रडू आलं. पाच तासांत पहिल्यांदा कोणीतरी प्रश्न विचारला होता. पुढे पंधरा मिनिटांत लघवी तपासली, सलाइन लागलं, इन्सुलिनचं यंत्र लागलं, ऑपरेशन रद्द झालं. आणखी तीन तासांनी काय झालं असतं ते त्यांनी मला सांगितलं नाही, सिस्टरला सांगितलं. दार लोटलेलं होतं, पण ऐकू आलं.

नत्थुजी तीन वाजता पिशवी घेऊन हजर झाले. दिवसभर ती निंबाच्या फांदीला उन्हात टांगलेली होती. उन्हानं इन्सुलिन नासतं, त्यामुळे पेनं फेकून द्यावी लागली. “मले म्हनलं पिशवी ने, म्या नेली,” ते म्हणाले, आणि यात खोट काढण्यासारखं काही नाही.

आता मी घरी आहे. शुगर ताब्यात आहे. सोमवारची सगळी व्यवस्था मी लेखी केली आहे, चार प्रती काढल्या आहेत. तुम्ही काळजी करू नये.

आपली,
शकुन

ता. क. तुम्ही यायची अजिबात गरज नाही. गुडघे सांभाळा.

ता. क. २. वरचं वाक्य वाचू नका. सोमवारी डॉक्टर रागिणींची सुट्टी आहे. दुसरे कोणी येणार आहेत, ते फाइल वरून वाचतात की खालून, मला माहीत नाही. मंगळवारी मी शुद्धीवर होते, बोलत होते, तरी ही अवस्था झाली. सोमवारी मी तीन तास बेशुद्ध असेन आणि मला भांडता येणार नाही. असं आयुष्यात पहिल्यांदाच होणार आहे. तुमचे बंधू असते तर दाराशी उभे राहिले असते, पण ते भांडले नसते, त्यांनी विनंती केली असती.

ता. क. ३. एकोणनव्वद साली माझं बाळ गेलं तेव्हा तुम्ही अकोल्याच्या वॉर्डात चारचौघांत म्हणाला होतात की हिची पिशवीच खराब आहे. मी ते विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. पण त्याच दिवशी नर्सनं माझी सुई चुकवली, तेव्हा तुम्ही तिला जे बोललात तेही विसरलेले नाही. ती ट्रे टाकून पळाली होती. मला सोमवारी तुमच्यातल्या त्या बाई हव्या आहेत. रविवारच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरा, रिक्षा मी पाठवते. ‘टाइप वन आहे, इन्सुलिन बंद करायचं नाही’ एवढं पाठ करून या. शुद्ध भाषेत म्हणू नका. शुद्ध भाषेत मी सगळं म्हणून पाहिलं. तुमच्या भाषेत म्हणा, आणि मी झोपलेली असले तरी मोठ्यानं म्हणा.