रजिस्टरवरची तिसरी सही

१४ जून
नांदेड ड्युटी. अहमदपूर स्टँडला गाडी लागली आणि शाळेच्या ग्रुपवर मेसेज: फी दीडपट. माझी प्रज्ञा आत्ता सातवीत गेलीय. चार प्रवाशांचं तिकीट फाडायचंच विसरले. लातूरला उतरले तर सय्यदभाईंचा फोन. त्यांचं गॅरेज आहे, पोरगी प्रज्ञाच्याच वर्गात. "ताई, तक्रार करू. आता गप बसायचं न्हाई." हाव म्हणले.

२३ जून
एकट्यादुकट्याची तक्रार सरकारी फी समिती घेतच नाही. पालकांपैकी चौथ्या हिश्श्याच्या सह्या पाहिजेत. रजा टाकून स.भाईंसोबत दारोदार. एका गुरुजींनी चहा पाजला, अर्धा तास शाळेला शिव्या घातल्या, कागद पुढं केला तर, "लेकरू तिथंच शिकतंय ना ओ." डोकं तडकलं.

११ जुलै
सह्या भरल्या एकदाच्या. तक्रार दाखल. प्रज्ञाला सहलीच्या यादीतून काढलं. का विचारलं तर मॅडम म्हणे, "मम्मीला विचार." पोरगी जेवली नाही.

४ सप्टेंबर
पहिली सुनावणी. शाळेच्या वकिलानं पालक संघाचं रजिस्टर काढलं. फीवाढ एकमतानं मंजूर. खाली सह्या. तिसरी माझी.
गेल्या साली चिठ्ठीत नाव निघालं म्हणून मी त्या संघावर. एकाच बैठकीला गेले. ड्युटीची घाई. क्लार्क म्हणाला, "हजेरीची सही करा मॅडम, बाकीचं आम्ही लिहून घेतो." सहीच्या वरची जागा कोरी होती. तरी केली. गाडीत फाटकी नोट दहादा उलटीपालटी करून बघणारी मी!
येताना बाकीचे पालक दुसऱ्या ऑटोत बसले.

५ सप्टें.
ग्रुपमधून काढलं. त्याआधी एकाचा मेसेज वाचला: कंडक्टरबाईनं आपलं तिकीट आधीच काढलं होतं.

७ सप्टें.
गॅरेजवर गेले. स.भाई गाडीखाली. बाहेर न येताच, "खरं सांगा ताई. काय कबूल केलं होतं शाळेनं?" काहीच नाही म्हणले. सगळं सांगितलं. पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "हे मला सांगून काय फायदा? तिथं सांगा."

१६ सप्टें.
मुख्याध्यापकांचा फोन. अगदी गोड. "प्रज्ञाच्या फीचं आम्ही बघू. तुम्ही पुढच्या तारखेला नका येऊ." ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "पोरीला त्रास करून राहिलेत. सोड की." भांडले. त्यांचंही चूक नाही, तेच जास्त टोचतं.

९ ऑक्टो.
सांगितलं समितीपुढं. सही माझी, मंजुरी माझी नाही. शाळेचा वकील हसला. "सरकारी नोकरीत ना तुम्ही? न वाचता सही?" हो, केली म्हणले. समितीचे साहेब म्हणाले, एकट्याच्या सांगण्यावर रजिस्टर खोटं कसं धरू? बाकी सह्यावाल्यांना आणा. पुढची तारीख दिवाळीनंतर. म्हणजे अजून लटका.

१२ ऑक्टो.
रजिस्टरवरची दुसरी सही एका नर्सबाईंची. उदगीर रोडला घर. दारातच उभी राहून बोलले. त्यांच्याकडूनही कोऱ्यावरच घेतली होती का, विचारलं. त्यांनी मागं वळून घरात बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "तिथं बोलताना भ्या नाही वाटलं?"
"वाटलं की."
आत या म्हणाल्या नाहीत. दारही लावलं नाही.