पाणमांजरांच्या राजाचा चेहरा

सनीव्हेल, १२ ऑक्टोबर २००६

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून लिहिते आहे. आमच्या स्टुडिओचा कार्टून सिनेमा संपत आलाय. पाणमांजरांचा राजा कारखानदार कोल्ह्याला तळं वापरू देतो, पाणी काळं पडतं, पिल्लं आजारी पडतात आणि ऐंशीव्या मिनिटाला महाराजांना उपरती होते. एक गाणं, दोन अश्रू, की तळं पुन्हा निळंशार! शिसारी आली आहे मला या गोष्टीची. परवा कच्चा सिनेमा बघायला बोलावलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मी उठून बाहेर गेले.

उपरतीचा तो चेहरा करायचं काम माझ्याकडे आहे. आम्ही टेबलावर आरसा ठेवतो, आधी स्वतः तोंड करून बघतो, मग चित्रातल्या प्राण्याला तसं करायला लावतो. तीन आठवडे आरशात नुसती ढोंगी दिसत होते. चूक कबूल करणारा एखादा पुढारी आठव, असं साहेब म्हणाले. बाबा, मी जवळून एकच पुढारी पाहिलाय.

रंगाच्या कारखान्याने नदी लाल केली म्हणून लोक चिडले होते. तुम्ही नगराध्यक्ष. घाटावर सभा घेतलीत आणि सगळ्यांसमोर नदीचं पाणी तांब्याभर प्यायलात. काय वाहवा झाली! त्या तांब्यात घरचं उकळलेलं पाणी होतं. नदीवरून भरून आणल्यासारखी पायऱ्या चढून मीच तो तुमच्या हातात दिला. आठवीत होते, नाटकात काम मिळाल्यासारखी मजा वाटली होती. आता आठवलं की स्वतःचीच किळस येते. शेजारच्या सरलाकाकूंनी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नदीचं पाणी भरायला सुरुवात केली.

काकूंची मूत्रपिंडं गेल्याचं तुम्ही मला कळवलं नाहीत. त्यांच्या मालिनीने कळवलं. तिने भाबडेपणाने विचारलंय, तुझे बाबाही तेच पाणी प्यायले होते ना, मग त्रास माझ्या आईलाच कसा झाला? काल तिला खरं उत्तर लिहिलं आणि सहज आरशाकडे बघितलं. राजाचा चेहरा सापडला. साहेबांनी तो नाकारला, मुलं घाबरतील म्हणाले.

मालिनीला लिहिलेलं ते पत्र मी मुद्दाम आठ दिवस उशिरा टाकणार आहे. तेवढ्यात तुम्ही शेजारी जा आणि तो तांब्या कुठे भरला होता ते काकूंना सांगा.

तो तांब्या तुम्हाला देणारी,
तुमचीच आसावरी