सात नंबरचा शिक्का

१० मार्च, सोमवार

साईराज सुपरवायझर झाला! साईराज! ज्याला मापं घ्यायचा व्हर्नियर कुठून धरायचा ते मी शिकवलं, तो!

पेढे घेऊन माझ्याच टेबलाकडं आला. "आक्का, सगळं तुमच्यामुळं." व्हय की रं बाबा, माझ्यामुळंच. पेढा खाल्ला. पेढ्याचा काय दोष?

एचआरच्या नागेंद्र सरांना जाऊन विचारलं — नऊ वर्षं तपासणीत आहे, माझं का न्हाय? म्हणले, "रचना, सुपरवायझरला तिन्ही पाळ्या लागतात. लेडीजना रात्रपाळी न्हाय." मी म्हटलं, रात्रपाळी लावा म्हणून दोनदा अर्ज दिलाय. "ते वरून ठरतं." हे वरचं कोण बसलंय ते नऊ वर्षांत एकदापण दिसलं न्हाय मला.

सोडणार न्हाय.

११ मार्च, मंगळवार

पाळी आली. पोट लई दुखत होतं. दुपारी दोनदा जावं लागलं.

आमच्या शेडमध्ये बायका अकरा, आणि बायकांचं टॉयलेट गेटाशेजारच्या ऑफिसात. जायचं, सिक्युरिटीच्या वहीत वेळ लिहायची, यायचं — वीस मिनिटं सहज. बाप्यांचं शेडला लागून! लाईन थांबली की बोलणी बसतात, म्हणून जिला जायचंय ती आपला शिक्का शेजारणीच्या हातात देऊन जाते. नियमात बसत न्हाय. तपासलेल्या व्हॉल्व्हवर ज्याचा त्यानंच आपल्या नंबरचा शिक्का हातोडीनं ठोकायचा, असा नियम. पण नियम करणाऱ्यांचं टॉयलेट जवळ आहे.

माझा सात नंबर शेजारच्या टेबलावरच्या मंगलआक्काकडं दिला, नेहमीसारखा. परत आले तेव्हा आक्का माझ्याकडं बघंना. तिचंही काहीतरी दुखत असंल.

१७ मार्च, सोमवार

बाई म्हणून बढती नाकारली, त्याचा अर्ज दिला. बेळगावात, कामगार खात्याच्या ऑफिसात. टायपिंगवाला म्हणला, "मॅडम, विनंती असं लिहू का?" म्हटलं, तक्रार लिही.

२५ मार्च, मंगळवार

कामगार खात्याच्या साहेबांपुढं पहिली तारीख. खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "मिस्टर आलेत काय?"

सौरव बाहेर गाडीवर बसलेला. त्याला आत बोलावलं. साहेब त्याच्याकडं बघून बोलायला लागले — कंपनीबरोबर भांडून काय मिळतंय, तुम्ही समजावून सांगा ह्यांना. सौरव म्हणला, "साहेब, मी कापडाच्या दुकानात असतो. व्हॉल्व्हचं तिला विचारा." शाबास रं माझ्या नवऱ्या!

तरी साहेब शेवटपर्यंत त्याच्याकडंच बघून बोलले. जबाब माझा, आणि सही करताना म्हणले, "मिस्टरांची पण घ्या, बरं असतं." मी घेऊ दिली न्हाय.

येताना कॅम्पात मिसळ खाल्ली. लई दिवसांनी भूक लागलती.

३ एप्रिल, गुरुवार

आज कळलं ह्यांचं डोकं कसं चालतं.

पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून शेहेचाळीस व्हॉल्व्ह परत आले. भोकं मोठी. प्रत्येकावर शिक्का सात. मला आरोपपत्र! निष्काळजीपणा. बाहेरचे वकील येणार चौकशीला. तोवर मी पॅकिंगला, शिक्का जमा. आरोप सिद्ध झाला तर नोकरी तर जाईलच, वर कामगार खात्यात कंपनी हसून सांगणार — हीच ती सुपरवायझर व्हायला निघालेली!

हातातून भोकं मोठी गेली म्हणे! माझ्या हातातून! डोळे झाकून सांगते मी.

माल कधीचा ते कार्डावर बघितलं — ११ मार्च, दुपार. घरी येऊन ही वही उलटली. त्या दुपारी शिक्का दोनदा मंगलआक्काकडं होता.

पण आक्का असं करणार न्हाय. मी लागले तेव्हापासून तिच्या डब्यातलं खाल्लंय. मच्छेतली तिची शेती ह्याच औद्योगिक वसाहतीत गेली, तेव्हापासून ती इथं आहे. चूक करील, लबाडी न्हाय. तिची नजर चुकवून साईराजनंच टेबलावरून उचलला असणार. त्याचंच काम.

६ एप्रिल, रविवार

आमच्या वडगावात रविवारी पण माग थांबत न्हाय. सासरे, आप्पा, मागावर. तुटलेले धागे मी बांधत होते. आप्पा म्हणले, "तुझी गाठ लगेच कळतीया बघ पोरी. डावखुऱ्याची गाठ उलटी बसती."

हातातला धागा तसाच सोडला आणि उठले!

शिक्का! मी हातोडी डाव्या हातानं मारते. माझा सात कायम डावीकडं कलतो. नऊ वर्षं कलतोय. ट्रेनिंगमध्ये साईराजच हसायचा — आक्का, तुमचा सात झोपलाय!

आप्पांना सगळं सांगितलं. म्हणले, "मग आता झोपलेला कुठला आणि उभा कुठला ते त्यांना दाखीव."

७ एप्रिल, सोमवार

पॅकिंगमध्ये परत आलेले व्हॉल्व्ह बघितले. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस उजवीकडं कललेले! म्हणजे उजव्या हाताचं काम! ओरडावं वाटलं. ओरडले न्हाय.

जेवणाच्या सुट्टीत मंगलआक्काला विचारलं, "त्या दिवशी साईराज टेबलाकडं आलता काय गं?" ती डबा झाकत म्हणली, "मला कुठलं आठवतंय. तू सांभाळून बोल तेवढं." आणि उठून गेली. भाकरी अर्धी तशीच.

घाबरलीय बिचारी. राहू दे. मला तिची साक्ष लागत न्हाय. माझा पुरावा लोखंडाचा आहे.

१२ एप्रिल, शनिवार

झोप छान लागते. सौरव म्हणतो, आरोपी मी आहे का तू?

१६ एप्रिल, बुधवार

जिंकले!

सगळं लिहून ठेवते. वकील साहेब, नागेंद्र सर, कंपनीचा साक्षीदार म्हणून साईराज, आणि मी. मदतनीस घेता येतो म्हणले, मी घेतला न्हाय. पहिला प्रश्न, "घरी काही टेन्शन? लहान मुलं?" मी म्हटलं, हाच प्रश्न साईराजला विचारणार असाल तर उत्तर देते. वकील साहेबांनी तो प्रश्न खोडला.

मग विचारलं, "तुमचा शिक्का दुसऱ्या कुणाच्या हातात जातो काय?"

हा प्रश्न येणार ते माहीत होतं. शिक्का देणं हाच गुन्हा. व्हय म्हटलं असतं तर तिथंच संपले असते.

"न्हाय, सर."

मग सांगितलं — ते शेहेचाळीस टेबलावर मांडा. माझे जुने दहा नमुन्याच्या कपाटातून आणा. आणि सात नंबर माझ्या हातात द्या. सगळ्यांपुढं पाच ठोकले. डावीकडं, डावीकडं, पाचही डावीकडं! वकील साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. साईराजच्या कपाळावर घाम. नागेंद्र सर मोबाईल बघत बसले.

"मग हे कुणी ठोकले?" साहेबांनी विचारलं.

मी म्हटलं, "ते तुम्ही शोधा, सर. डावखुऱ्या बाईनं न्हाय, एवढं नक्की."

काय बोलले मी! वाटेभर स्वतःशीच म्हणत आले.

१७ एप्रिल, गुरुवार

आप्पांनी अख्ख्या गल्लीत जिलेबी वाटली.

२२ एप्रिल, मंगळवार

पत्र आलं. निर्दोष! शिक्का परत मिळाला. एवढंच न्हाय — कामगार खात्याची पुढची तारीख जवळ आली तशी कंपनी मऊ झाली. नागेंद्र सर म्हणले, "एक मेपासून दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझर तुम्ही. तक्रार तेवढी मागं घ्या." म्हटलं, आधी ऑर्डर हातात द्या, मग बघू.

बायका टेबलाभोवती गोळा झाल्या. अनुराधा म्हणली, आता पहिलं टॉयलेट शेडजवळ आण. आणणारच!

मंगलआक्का तेवढी दिसली न्हाय. कालपण न्हवती. फोन बंद.

२४ एप्रिल, गुरुवार

मच्छेला गेलते, आक्काच्या घरी. तिला निलंबित केलंय. तिनं पत्र वाचून दाखवलं — सहकाऱ्याचा शिक्का चोरून वापरला. शेजारचं टेबल तिचं, हात उजवा, म्हणून तीच.

मग सगळं सांगितलं. साईराज त्या दुपारी माझ्या टेबलाकडं ट्रे घेऊन आलता. म्हणला, दुरुस्त होऊन आलेत, तपासायला नकोत, ठोका. तिच्या हातात माझा सात होता, तिनं सुपरवायझरचं ऐकून तोच ठोकला. साईराजचं नाव पत्रात कुठंच न्हाय.

"मला तुझा राग न्हाय गं," म्हणली. "पण तू म्हणलीस, कुणाच्या हातात जात न्हाय. मग मी चोरच झाले की."

उद्या दहाला तिची चौकशी. तेच वकील, तेच टेबल. तिच्याकडून साक्षीदार म्हणून माझं नाव देऊन आले. नागेंद्र सर म्हणले, "एक मे लांब न्हाय, विचार करा." केला.

पहिलं वाक्य इथंच लिहून ठेवते, तिथं जीभ अडखळायला नको :

सर, शिक्का मीच दिलता.